चौथी किल्ली

इमारतीची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्या काकांनी पहिल्याच दिवशी आम्हाला तीन किल्ल्या दिल्या आणि चौथी पाकिटात घालून आपल्या खोलीतल्या खणात ठेवली. पाकिटावर त्यांनी माझ्या बायकोचं नाव लिहिलं, आमच्या कागदावरून एकेक अक्षर बघून, सावकाश. त्या आल्या की देईन, असं त्यांनी हातवारे करून सांगितलं. मी मान हलवली.

ती येणार नव्हती. आम्ही निघालो त्याच्या सव्वीस दिवस आधी ती गेली होती.

आमच्या चौघांचा अर्ज एकत्र होता. मी, ही, आमची टिकली आणि मामी. टिकली म्हणजे माझी मुलगी, वय बारा. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून ते नाव पडलं, आता माझ्या खांद्याला लागते. मामी म्हणजे माझ्या सख्ख्या मामाची बायको आणि हिची आई. माझे वडील आधीच गेले होते, आई मी सहा वर्षांचा असताना वारली. तेव्हापासून मामीनेच मला वाढवलं, आणि मोठा झाल्यावर मामाची मुलगी मलाच दिली. त्यामुळे मामी माझी सासूही झाली, पण मी मामीच म्हणत राहिलो. तीही मला आधी अरे-तुरे करायची, लग्नानंतरही तेच करते. फक्त रागावली की ‘अहो जावईबापू’ म्हणते. तेव्हा समजायचं की आपलं काही खरं नाही.

परवाने यायला पाच महिने लागले. हातात पडले त्याच आठवड्यात हिला ताप आला. अकरा दिवस दवाखान्यात होती. ताप डोक्यात गेला असं डॉक्टर म्हणाले. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

नोकरीवर हजर व्हायची तारीख ठरलेली होती. मी लिफ्ट दुरुस्त करतो. तिकडे अठरा वर्षं तेच केलं, इथेही त्याच कामासाठी घेतलं होतं. भाड्याची जागा सोडून झाली होती, टिकलीचा शाळेचा दाखला काढून झाला होता. निघायच्या आदल्या दिवशी मी मामीचा परवाना पहिल्यांदा नीट वाचला. मामी आपल्या मुलीसोबत राहायला येत आहे, असं त्यात लिहिलं होतं. माझ्यासोबत नव्हे. मुलगीच नसेल तर मामी तिथे कोण? मी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि कोणाला काही बोललो नाही.

इथे उतरल्यावर काचेमागच्या माणसाने नावं मोजली, मग तोंडं मोजली. चौथी कुठे, असं त्याने विचारलं. मला इथल्या भाषेतले चाळीसएक शब्द येत होते. त्यातला ‘नंतर’ हा एक मी पुढे केला. त्याने शिक्के मारले आणि एक छापील कागद दिला. नव्वद दिवसांच्या आत चौघांनीही वॉर्डाच्या कचेरीत येऊन नाव नोंदवायचं होतं.

तो एक शब्द मग मी सगळीकडे वापरला. कंपनीतल्या साहेबाला तोच सांगितला, किल्लीवाल्या काकांनाही तोच. मामीला आणि टिकलीला तेव्हा भाषा कळत नव्हती, त्यामुळे मी काय बोलतोय हे त्यांना कळत नाही असं मी धरून चाललो.

जागा चांगली होती. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, खिडकीतून समोरच्या इमारतीचं जिन्याचं तावदान दिसायचं. घरात सामान म्हणून एक टेबल, चार खुर्च्या, पलंग आणि एक मोठं लोखंडी कपाट होतं. ते कपाट मी पहिल्या महिन्यात पाच वेळा हलवलं. दाराजवळ ठेवलं तर आत येताना अंगावर आल्यासारखं वाटायचं. खिडकीजवळ नेलं तर उजेड अडायचा. पुन्हा भिंतीला लावलं. कामावरून आलो की हात धुवायच्या आधी मी त्या कपाटाकडे बघायचो. मामी म्हणाली की कपाटाला पाय फुटलेत, एक दिवस स्वतःच जिना उतरून जाईल आणि आपल्याला पत्ता पाठवेल.

बसायला जमत नव्हतं. चहा उभ्याने प्यायचो. सुट्टीच्या दिवशी बसने दोन थांबे पुढे जायचो आणि चालत परत यायचो, काही काम नसताना. गल्लीतल्या दुकानांच्या पाट्या वाचायचा प्रयत्न करायचो. शिंपी, औषधवाला, चष्म्याचं दुकान, मग पुलाखालचा सायकलवाला, मग तेच उलट्या बाजूने. सायकलवाल्याला वाटलं असणार की हा माणूस काहीतरी चोरायला जागा हेरतोय.

आमच्या इमारतीच्या लिफ्टचा दरवाजा बंद होताना दोनदा आपटायचा. खालच्या खाचेत काहीतरी अडकलेलं होतं, आवाजावरूनच कळत होतं. दहा मिनिटांचं काम. पण ती लिफ्ट दुसऱ्या कंपनीची, तिला हात लावायचा नाही असं साहेबाने बजावलं होतं. त्यामुळे ते दोन आवाज मी रोज ऐकत बसायचो.

नव्वद दिवसांचा कागद मी माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवला होता. रोज एक दिवस कमी व्हायचा.

कामावर माझ्या जोडीला एक उंच, कमी बोलणारा माणूस होता. मामीने त्याला एकदा खिडकीतून पाहिलं आणि त्याचं नाव लंबू पडलं. आम्ही दोघं लिफ्टच्या टपावर उभे राहून काम करायचो. तिथला एक नियम आहे. काहीही करायच्या आधी ते मोठ्याने बोलायचं, आणि दुसऱ्याने तेच शब्द परत म्हणायचे. मी ‘वीज बंद’ म्हणणार, लंबू ‘वीज बंद’ म्हणणार, मगच दोराला हात लावायचा. समोरच्याने परत म्हटलं नाही तर आपण बोललोच नाही असं धरायचं. तिकडेही आम्ही सांगायचो, पण एवढं काटेकोर नव्हतं. एक ‘हं’ पुरायचा. इथे पहिल्या आठवड्यात मी ‘हं’ म्हणालो तर लंबूने हातातलं काम खाली ठेवलं आणि मी पुरतं वाक्य म्हणेपर्यंत माझ्याकडे बघत राहिला. इथल्या भाषेतली माझी पहिली वाक्यं ती. वीज बंद. दार उघडं. मी खाली आहे.

एक वाक्य मात्र मी बोललो नव्हतो. फोनवर शोधून ते मी माझ्या ओळखपत्राच्या मागे आपल्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. चारच शब्द. माझी बायको वारली आहे. बसमध्ये, कपडे बदलायच्या खोलीत मी ते मनात म्हणायचो. तोंडावर आणायला गेलो की जीभ टाळूला चिकटायची. एकदा टपावर लंबूला सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि ‘दार उघडं’ म्हणालो. दार बंद होतं. लंबूने ते परत म्हटलं नाही.

पन्नासाव्या दिवशी कचेरीतून हिच्या नावाने पत्र आलं. आपण अजून आला नाहीत, कृपया यावे, असं काहीसं. मी ते स्वयंपाकघरातल्या चमच्यांच्या खणात, खाली अंथरलेल्या कागदाच्या खाली सरकवलं. का ते सांगता येणार नाही. फाडून टाकवत नव्हतं, तिचं नाव होतं त्यावर.

मनात हिशेब एवढाच होता. खरं सांगितलं की मामीचा परवाना गेला. मामी गेली की टिकली घरात एकटी. मला कधी सकाळी सहाला जावं लागतं, कधी दुपारी. आणि कामाचं जाऊ दे, मामी परत जाऊन राहणार कुणाकडे? मामा कधीच गेले. एकच मुलगी होती. तिकडे आता मामीचं म्हणून कोणीही नव्हतं. हे कळत होतं, तरी उपाय सुचत नव्हता. म्हणून मी मूग गिळून बसलो आणि कपाट हलवत राहिलो.

दुसरं पत्र एक्काहत्तराव्या दिवशी आलं आणि ते टिकलीच्या हाती लागलं. शाळेतून येताना पत्रपेटी तीच उघडायची. तोवर तिला भाषा बरीच यायला लागली होती. घरातली पत्रं, औषधाच्या पुड्या, यंत्रावरच्या सूचना, सगळं तीच वाचून सांगायची. मी कामावरून आलो तेव्हा त्या दोघी टेबलाशी बसल्या होत्या आणि पत्र मध्ये उघडं होतं. टिकलीने ते मामीला वाचून दाखवलं होतं. एकोणीस दिवसांत आईला घेऊन या, नाहीतर चौघांचीही नोंद थांबेल, आणि आजीचा परवाना आईवर आहे, असं त्यात होतं.

मामीने मला बूटही काढू दिले नाहीत.

“अहो जावईबापू,” ती म्हणाली, “माझी पोर इथे यायची आहे, असं तुम्ही कुणाकुणाला सांगितलंय?”

मी कपाटाकडे बघितलं.

“तिकडे नको. इकडे बघा.”

मग मी सगळं सांगितलं. काचेमागचा माणूस, साहेब, काका, खणातलं पाकीट. चमच्यांच्या खणातलं पत्रही काढून दिलं. मामीने ते हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं, तिला वाचता येत नव्हतंच. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. इथे आल्यापासून अडीच महिने जी रडली नव्हती ती आता कशाला रडेल.

“म्हणजे मेलेल्या पोरीच्या नावावर मी इथे जेवतेय,” ती एवढंच म्हणाली, आणि आत जाऊन पलंगाखालची बॅग ओढली.

त्या बॅगेत तिने दोन दिवसांत सगळं भरलं. चार लुगडी, चष्मा, औषधाची डबी. मी काढायचो, ती परत भरायची. तिचं म्हणणं सरळ होतं. कचेरीत जाऊन खरं सांग, माझं काय ते तिकीट काढ, पोरीचं आणि तुझं इथे नीट लागू दे. मी म्हटलं तू कुठे जाणार. तर म्हणाली, मला पाय आहेत, कपाटासारखेच. टिकली मधल्या दारात उभी राहून आम्हा दोघांकडे बघायची. शाळेतून आली की मामीच्या बॅगेवर बसून गृहपाठ करायची, म्हणजे बॅग उघडता येऊ नये.

कचेरीत जायचं ठरलं तेव्हा एक नवीन अडचण समोर आली. मी फोन करून दुभाषा मागितला. आमच्या भाषेचा माणूस सात आठवड्यांनी मिळेल, असं उत्तर आलं. सोबत घरातलं कोणी भाषा येणारं असेल तर आणा.

घरातलं भाषा येणारं म्हणजे टिकली.

तिच्या आईबद्दल ते वाक्य तिला तिथे, अनोळखी बाईसमोर बोलायला लावायचं, या विचाराने मी दोन दिवस जेवलो नाही. मी माझंच चार शब्दांचं वाक्य घोकायला लागलो. एकदा ते मी बोललो की पुढचं, कागदांचं वगैरे, टिकलीने सांगितलं तरी चालेल. तेवढं तरी बापाने करावं. मी आंघोळ करताना म्हणायचो, बूट घालताना म्हणायचो. एकट्याने म्हणताना आता येत होतं.

एक्क्याऐंशीव्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मामीने बॅग बरोबर घेतली. मी म्हटलं कशाला, तर म्हणाली, तिथूनच पाठवायचं म्हणाले तर दोन खेपा कशाला. वर तिची ती जुनी प्लास्टिकची पिशवी होतीच, जिच्यात ती घरातले सगळे जुने कागद ठेवते आणि जी ती कोणाच्या हाती देत नाही.

कचेरीत नंबराची चिठ्ठी घ्यायची होती. जमिनीला ठोकलेल्या खुर्च्या होत्या. मी बसलो नाही. आमचा नंबर यायला पन्नास मिनिटं लागली, तेवढ्यात माझे भिंतीवरचे सगळे तक्ते बघून झाले. खिडकीत केस आखूड कापलेली, माझ्या वयाची बाई होती. तिने आमची फाईल उघडली, आमच्याकडे पाहिलं, परत फाईलकडे पाहिलं आणि काहीतरी विचारलं.

टिकली माझ्याकडे वळली.

“आई कधी येणार, असं विचारतायत.”

मी तोंड उघडलं. पहिला शब्द आला. माझी. दुसरा आला नाही. बाई वाट बघत होत्या. मी ओळखपत्र उलटं करून बघितलं, अक्षरं माझीच होती, पण ती जुळेनात. माझी, मी परत म्हणालो.

टिकलीने माझ्या हातातलं ओळखपत्र काढून घेतलं, खाली ठेवलं आणि ती बोलली. अडखळली नाही. आवाज चढवला नाही, खाली घातला नाही. वेळ विचारल्यावर सांगावी तशी. मला त्यातला शेवटचा शब्द ओळखू आला, कारण तो माझ्या चार शब्दांतला चौथा होता.

बाईंचे हात टंकायचे थांबले. मग त्यांनी तेच वाक्य हळू परत म्हटलं, टिकलीकडे बघून. टिकलीने मान हलवली. मामीला काही कळलं नव्हतं, पण तिने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि टिकलीच्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतरचं सगळं कागदांचं होतं. बाईंनी विचारलं, मग या आजी तुमच्या कोण? टिकलीने सांगितलं की माझी आजी, आईची आई. ते फाईलमध्ये आहेच, त्या म्हणाल्या, वडिलांच्या कोण? टिकली म्हणाली, मामी. म्हणजे वडिलांच्या आईच्या भावाची बायको. बाईंनी एक कोरा कागद घेतला आणि झाड काढायला सुरुवात केली. एक रेघ माझ्याकडून वर गेली, आडवी झाली, खाली आली. दुसरी हिच्याकडून वर गेली. दोन्ही रेघा त्याच चौकोनात येऊन थांबल्या. बाईंनी खोडरबर घेतला, परत काढलं. परत तेच. त्यांनी शेजारच्या खिडकीतल्या माणसाला बोलावलं. तो कागदाकडे बघून हसायला लागला आणि मग आमच्याकडे बघून गप्प झाला.

“काय झालं?” मामीने विचारलं.

“तू दोनदा येतेस,” टिकली म्हणाली.

“सांग त्यांना, एकदाच आलेय. बॅगही एकच आहे.”

टिकलीने हे सांगितलं की नाही माहीत नाही. पण त्या शेजारच्या माणसाने फॉर्मवर खाली एका ओळीवर बोट ठेवलं. अर्जदाराला लहानपणी ज्याने सांभाळलं ती व्यक्ती, अशी ती ओळ होती. आईवडील नसलेल्यांसाठी. असेल तर पुरावा द्या. टिकलीने मला सांगितलं आणि मी म्हटलं की पुरावा कुठून आणू, सहा वर्षांच्या पोराला जेवू घातल्याची पावती कोण घेतं.

मामीने एवढंच विचारलं की काय हवंय. मी सांगितलं. तिने ती प्लास्टिकची पिशवी मांडीवर उपडी केली. लग्नाच्या पत्रिका, मामाच्या पेन्शनचे कागद, हिची लसीकरणाची चिठ्ठी, आणि त्याखाली माझी शाळेची प्रगतीपुस्तकं. पहिलीपासून दहावीपर्यंत सगळी. मला ती असल्याचंही माहीत नव्हतं. प्रत्येकावर पालकाच्या सहीच्या जागी मामीची सही. मामा फिरतीवर असायचे. पहिलीच्या पुस्तकात नुसता अंगठा होता. दुसरीच्या पुस्तकात पहिल्या सहामाहीला अंगठा आणि दुसऱ्या सहामाहीला वेडीवाकडी चार अक्षरं. मला आठवलं, ती सही मीच तिला शिकवली होती, पाटीवर. वर्गातल्या पोरांनी अंगठ्यावरून चिडवलं म्हणून मी घरी येऊन आदळआपट केली होती.

बाईंनी दहाही पुस्तकं एकेक करून उघडली. त्यांना आमची लिपी वाचता येत नव्हती. पण त्या फक्त खालची जागा बघत होत्या, अंगठा, मग अक्षरं, मग हळूहळू सरळ होत गेलेली अक्षरं.

मान्य झालं असं नाही. या सगळ्याचं भाषांतर अधिकृत माणसाकडून करून आणा, मग वर पाठवू, वरून काय येईल ते आम्ही सांगू शकत नाही, असं त्या म्हणाल्या. तोपर्यंत म्हणून त्यांनी मामीला सहा महिन्यांची चिठ्ठी करून दिली. पूर्वी खोटं का सांगितलं, त्याचा जबाब मला लिहून द्यावा लागेल, हेही सांगितलं. मग त्यांनी आमचा पहिला अर्ज माझ्यासमोर ठेवला, पट्टी घेतली, आणि चार नावांतल्या एका नावावर रेघ मारली. शेजारी माझी सही हवी होती. मी केली. हात थरथरला नाही, हे मला आवडलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर मामी दम खायला बसली. मी टिकलीला विचारलं की ते वाक्य तुला कधीपासून येतं.

“पहिल्या आठवड्यापासून. वर्गात सगळ्यांना आपल्या घराबद्दल सांगायचं होतं. मी बाईंना विचारून घेतलं.”

“मला बोलली नाहीस.”

“तू काकांना रोज ‘नंतर’ म्हणायचास,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुला तसं म्हटलेलं बरं वाटतं.”

मी तिला म्हटलं की मला नीट म्हणायला शिकव. तिने बसथांब्यावर मला तीन वेळा म्हणायला लावलं. दुसऱ्या शब्दावर मी जोर चुकीच्या जागी देत होतो. बस आली तरी ती हलली नाही, मी बरोबर म्हणेपर्यंत. ती बस आमची चुकली.

इमारतीत शिरलो तेव्हा किल्लीवाले काका दारातच फरशी पुसत होते. मामीच्या हातात बॅग बघून त्यांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं आम्ही कोणाला तरी आणायला गेलो होतो. त्यांनी आमच्या मागे पाहिलं. मी बॅग खाली ठेवली आणि ते वाक्य म्हटलं. चारही शब्द, ओळीने.

काकांनी हातातलं पुसणं भिंतीला टेकवून उभं केलं. त्यांनी ते परत म्हटलं, अगदी हळू, जसं टपावर म्हणतात तसं. मग ते आत गेले, खण उघडल्याचा आवाज आला, आणि पाकीट घेऊन बाहेर आले. पाकीट त्यांनी स्वतःकडे ठेवलं. किल्ली मला दिली.

आम्ही लिफ्टने वर आलो. दरवाजा दोनदा आपटला. मामीने घरात शिरताच बॅग पलंगाखाली ढकलली, पण रिकामी केली नाही. सहा महिने आहेत, बघू, असं म्हणाली. मी किल्ली हातात धरून उभा होतो. कुठे ठेवावी कळत नव्हतं. कपाटात ठेवावी तर कपाट कुठे ठेवायचं तेच अजून ठरलं नव्हतं.

“दाराच्या खिळ्याला अडकव,” मामी म्हणाली. “पोरगी धांदरट आहे. एखाद दिवशी स्वतःची हरवून येईल, तेव्हा लागेल.”

मी अडकवली. मग चहा झाल्यावर खुर्ची ओढून बसलो.